दारावरची थाप : फिलिपाइन्सची अमली पदार्थविरोधी मोहीम आणि लोकमत

अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला कोणती शिक्षा व्हावी, हा प्रश्न चारचौघांत निघाला की उत्तरासाठी फार वेळ थांबावे लागत नाही. 'फाशी' हा शब्द कोणाच्या तरी तोंडून तत्काळ बाहेर पडतो आणि बाकीचे माना डोलावतात. असे म्हणणारी माणसे स्वभावाने क्रूर नसतात. शेजारच्या घरातला होतकरू मुलगा गर्दच्या नादी लागून कसा खंगत गेला, आईचे दागिने कसे विकले गेले, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यांच्या रागाच्या मुळाशी भीती असते आणि ती भीती खोटी नसते.

परंतु रागाने दिलेले हे उत्तर एखाद्या राष्ट्राने शब्दशः अमलात आणले तर काय होते? आशियातील सर्वांत मोठ्या कॅथलिक राष्ट्राने, फिलिपाइन्सने, २०१६ ते २०२२ या सहा वर्षांत ते करून पाहिले. हा देश आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना अगदीच परका नाही. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी मनिला येथेच फ्रान्सिस्कन संघाची वस्त्रे धारण केली आणि तेथूनच ते जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर, राजाज्ञेने आणि जमावासमक्ष, त्यांना क्रुसावर मरण आले. ज्या भूमीने आमच्या या संताला घडवले, तेथील आमच्या धर्मबांधवांची कहाणी म्हणूनच आम्हाला जिव्हाळ्याची वाटते.

अफूपासून शाबूपर्यंत

फिलिपाइन्समधील अमली पदार्थांचा प्रश्न जुना आहे. स्पॅनिश राजवटीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सरकार अफूविक्रीचा मक्ता लिलावाने देत असे. चिनी रहिवाशांना अफू ओढण्याची मुभा होती, स्थानिकांना मनाई होती. व्यसन एका जमातीचे आणि महसूल सरकारचा, अशी ती सोयीची वाटणी होती. १८९८ मध्ये अमेरिकन सत्ता आली. या सत्तेने १९०३ मध्ये मक्त्याची पद्धत पुन्हा सुरू करण्याचा घाट घातला, तेव्हा मनिलातील मिशनऱ्यांनी त्याविरुद्ध जोराचा आवाज उठवला आणि तो बेत मागे पडला. एपिस्कोपल पंथाचे बिशप चार्ल्स ब्रेंट ज्या समितीवर होते, तिने आशियातील अनेक देशांत फिरून पाहणी केली आणि टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचा सल्ला दिला. मार्च १९०८ पासून बेटांवर औषधी उपयोगाखेरीज अफूला पूर्ण बंदी झाली. याच ब्रेंट यांनी १९०९ मध्ये शांघाय येथील आंतरराष्ट्रीय अफू आयोगाचे अध्यक्षपद भूषविले आणि त्यातूनच पुढे १९१२ चा हेग येथील करार झाला. आज जगभर जे अमली पदार्थविषयक कायदे आहेत, त्यांच्या उगमाचा एक झरा असा मनिलात सापडतो.

पुढे राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला. लोकांना कणखर सरकारचे दर्शन घडवणे त्यांना आवश्यक होते. लिम सेंग नावाचा हेरॉइनचा मोठा उत्पादक पकडला गेला होता. त्याचा खटला लष्करी न्यायासनापुढे चालला आणि १५ जानेवारी १९७३ रोजी मनिलाजवळच्या फोर्ट बोनिफासिओ येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ते दृश्य पाहण्यास मोठा जमाव लोटला होता. त्याचे चित्रणही झाले. अनेक वृद्ध फिलिपिनी लोक आजही ती आठवण 'तेव्हा शिस्त होती' अशा सुरात सांगतात. तथापि व्यापार काही त्या गोळ्यांनी मेला नाही. १९८० च्या दशकात हेरॉइनची जागा 'शाबू' नावाच्या स्वस्त पांढऱ्या स्फटिकाने, म्हणजे मेथॅम्फेटामिनने घेतली. तो रात्रपाळी करणाऱ्या हमालाला, सायकलरिक्षा ओढणाऱ्याला आणि उपाशीपोटी झोपणाऱ्याला परवडू लागला.

२०१५ चे वर्ष : दयेचे दोन प्रसंग

पुढचा भाग समजून घ्यायचा तर २०१५ मधील दोन प्रसंग लक्षात ठेवले पाहिजेत. जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी फिलिपाइन्सला भेट दिली. 'दया आणि करुणा' हे त्या भेटीचे बोधवाक्य होते. १८ जानेवारी रोजी भर पावसात मनिलाच्या लुनेता मैदानावर झालेल्या मिस्साबलिदानाला साठ लाखांहून अधिक भाविक आल्याचा अधिकाऱ्यांचा अंदाज होता.

दुसरा प्रसंग एप्रिलचा. दोन मुलांची आई असलेली एक गरीब फिलिपिनी स्त्री, परदेशात घरकामाच्या शोधात निघालेली, २०१० मध्ये इंडोनेशियाच्या योग्यकर्ता विमानतळावर पकडली गेली होती. तिच्या पेटीत २.६ किलो हेरॉइन सापडले. आपल्याला फसवून ही पेटी दिली गेली, असे ती सांगत राहिली, परंतु तिला मृत्युदंड झाला. २९ एप्रिल २०१५ च्या मध्यरात्रीनंतर नुसाकंबांगन बेटावर इतर आठ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. तिची शिक्षा मात्र ऐनवेळी थांबली, कारण आदल्याच दिवशी तिला कामाला पाठवणारी स्त्री फिलिपाइन्समध्ये पोलिसांच्या स्वाधीन झाली होती. त्या रात्री मनिलात लोक मेणबत्त्या घेऊन जागले. ती वाचल्याची बातमी येताच अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. डिसेंबर २०२४ मध्ये इंडोनेशियाने तिला मायदेशी पाठवले.

या स्त्रीजवळ हेरॉइन सापडले होते, हे कोणी नाकारत नव्हते. तरीही राष्ट्राचे हृदय द्रवले, कारण तिचा चेहरा, तिची मुले आणि तिचे दारिद्र्य लोकांना ठाऊक झाले होते. 'अमली पदार्थांची वाहतूक करणारी' या शब्दांच्या आड त्यांना आपल्यासारखीच एक बाई दिसली होती.

यानंतर सुमारे एका वर्षाने, ९ मे २०१६ रोजी, याच जनतेने रॉद्रिगो दुतेर्ते यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिले. त्यांना १ कोटी ६६ लाख, म्हणजे सुमारे ३९ टक्के मते मिळाली. आपण सत्तेवर आलो तर गुन्हेगारांचे मुडदे पडतील, हे त्यांनी प्रचारात लपवले नव्हते. दावाओ शहराचे महापौर म्हणून त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ जो दरारा निर्माण केला होता, तोच त्यांचा जाहीरनामा होता.

थाप आणि विनवणी

लोकांनी त्यांना मते का दिली, याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. देशातील न्यायालये संथ होती. क्वेझोन शहराचा ८०० कैद्यांसाठी बांधलेला तुरुंग २०१६ मध्ये सुमारे ३,८०० माणसांनी भरला होता आणि त्यांतील बहुसंख्य लोकांचे खटले अजून निकालीच निघाले नव्हते. उलट डिसेंबर २०१४ मध्ये मध्यवर्ती तुरुंगावर धाड पडली, तेव्हा अमली पदार्थांचे बडे सौदागर आत वातानुकूलित खोल्यांत ऐषारामात राहत असल्याचे उघड झाले. गरिबाला तारीख मिळत नाही आणि श्रीमंताला शिक्षा होत नाही, हे पाहून ज्यांचा कायद्यावरचा विश्वास उडाला, त्यांना कायद्याबाहेरचा माणूस तारणहार वाटला. यात नवल ते काय?

३० जून २०१६ रोजी दुतेर्ते यांनी सूत्रे हाती घेतली आणि मोहीम सुरू झाली. तिचे नाव 'तोखांग'. व्हिसायन भाषेतील 'तोकतोक' म्हणजे दारावर थाप मारणे आणि 'हांग्यो' म्हणजे विनवणी करणे, या दोन शब्दांतून ते बनवले होते. वस्तीचे अधिकारी संशयितांची यादी करत, पोलीस दारावर थाप मारत आणि व्यसन सोडण्याची विनंती करत, असे तिचे कागदावरील रूप होते. दहा लाखांहून अधिक लोकांनी 'शरण' आल्याची नोंद केली. परंतु यादीत नाव कोणी घातले, कोणत्या पुराव्यावर घातले आणि ते काढायचे कसे, याला उत्तर नव्हते. रात्री पुन्हा थाप पडे आणि सकाळी पोलिसांच्या कागदात एकच शब्द येई : 'नानलाबान', म्हणजे त्याने प्रतिकार केला. १९९० च्या दशकात मुंबईच्या वृत्तपत्रांतून 'चकमक' हा शब्द वाचलेल्या आमच्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. कधी मोटारसायकलवरून मुखवटे घातलेली माणसे येत आणि प्रेताजवळ पुठ्ठ्याचा फलक टाकून जात. त्यावर मृताला विक्रेता ठरवणारे शब्द लिहिलेले असत.

३१ मे २०२२ पर्यंत पोलीस कारवायांत ६,२५२ जण मेल्याचे सरकारनेच मान्य केले. अज्ञात मारेकऱ्यांनी मारलेले धरले तर मानवी हक्क संघटनांचे अंदाज १२,००० ते ३०,००० पर्यंत जातात. मेलेले बहुतेक दाटीच्या गरीब वस्त्यांतले होते.

या मोहिमेत आकड्यांचाही वापर कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. सरकारच्याच अमली पदार्थ मंडळाच्या पाहणीनुसार देशात सुमारे १८ लाख लोक अमली पदार्थांचे सेवन करत होते. राष्ट्राध्यक्ष मात्र ३० लाख, ४० लाख असे आकडे सांगत. मे २०१७ मध्ये मंडळाच्या प्रमुखांनी १८ लाखांचा आकडा पुन्हा सांगितला, तेव्हा त्यांना पदावरून दूर करण्यात आले. नुएवा एसिहा प्रांतात १०,००० खाटांचे भव्य व्यसनमुक्ती केंद्र उभारले गेले, पण तेथे काही शेकडाच रुग्ण आले. हे केंद्र बांधणे ही चूक होती, असे नव्या प्रमुखांनी म्हटले आणि त्यांनाही पद सोडावे लागले. हत्यांची चौकशी मागणाऱ्या सिनेटर लैला दे लिमा यांच्यावर अमली पदार्थांच्या व्यवहारात सामील असल्याचा आरोप ठेवून त्यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये तुरुंगात टाकले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या जामिनावर सुटल्या आणि जून २०२४ मध्ये अखेरचा खटलाही निकालात काढला गेला.

लोकमताचे दोन चेहरे

फिलिपिनी जनतेचे मत काय होते? मनिलातील 'सोशल वेदर स्टेशन्स' ही संस्था नियमितपणे लोकमताची पाहणी करते. डिसेंबर २०१६ मधील तिच्या पाहणीत १०० पैकी ८५ जण मोहिमेवर समाधानी होते. आता त्याच पाहणीतील दुसरी दोन उत्तरे पाहावीत. आपण किंवा आपल्या ओळखीचे कोणी या हत्यांना बळी पडेल, अशी भीती १०० पैकी ७८ जणांना वाटत होती आणि संशयिताला जिवंत पकडणे महत्त्वाचे आहे, असे १०० पैकी ९४ जण म्हणत होते.

या तीन आकड्यांत लोकमताचे सारे रहस्य आहे, असे आम्हाला वाटते. रस्ता सुरक्षित झाला म्हणून लोक समाधानी होते. त्याच वेळी आपल्याच दारावर थाप पडेल म्हणून ते भयभीत होते. आणि त्यांच्या विवेकाला विचारले तर तो सांगत होता की मारणे बरे नव्हे. म्हणजे 'लोकांचा पाठिंबा आहे' असे जेव्हा राज्यकर्ते म्हणतात, तेव्हा ते या तिहेरी उत्तराचा एकच भाग वाचून दाखवत असतात.

हा विवेक कधी जागा होतो? बळीला नाव आणि चेहरा मिळतो तेव्हा. १६ ऑगस्ट २०१७ रोजी कालोओकान शहरात १७ वर्षांचा एक विद्यार्थी मारला गेला. त्याने गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. परंतु पोलीस एका तरुणाला फरफटत नेत असल्याचे दृश्य वस्तीतल्या कॅमेऱ्याने टिपले होते. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. नोव्हेंबर २०१८ मध्ये तीन पोलिसांना खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. तथापि जून २०१९ च्या पाहणीत पुन्हा १०० पैकी ८२ जण मोहिमेवर समाधानी होते. एका मुलासाठी लोक रडले आणि उरलेले हजारो पुन्हा केवळ 'व्यसनी' आणि 'विक्रेते' राहिले.

घंटा

ख्रिस्तसभेने काय केले, हा प्रश्न आमचे वाचक विचारतीलच. २०१६ हे पोप फ्रान्सिस यांनी घोषित केलेले दयेचे विशेष वर्ष होते. चर्चच्या दयाद्वारांतून भाविक रांगा लावून आत जात होते आणि त्याच महिन्यांत हत्यांचा कहर चालू होता. काही धर्मगुरू व बिशप प्रारंभापासून बोलत होते, परंतु देशभरच्या चर्चमधून बिशपांचे सामुदायिक पत्र वाचले गेले तेव्हा मोहिमेला सात महिने झाले होते. तो दिवस होता रविवार, ५ फेब्रुवारी २०१७. आमच्या संत गोन्सालोच्या हौतात्म्याला त्या दिवशी ४२० वर्षे पूर्ण होत होती.

आर्चबिशप सोक्रेतिस व्हिलेगास यांच्या सहीचे ते पत्र यहेज्केल संदेष्ट्याच्या शिकवणीवर आधारलेले होते. गरीब वस्त्यांत दहशतीचे राज्य आल्याचे त्यात सांगितले होते. अमली पदार्थांचा व्यापार थांबलाच पाहिजे, हेही त्यात निःसंदिग्धपणे म्हटले होते. परंतु पत्राचा सर्वांत झोंबणारा भाग सरकारविषयी नव्हता, तो भाविकांविषयी होता. अनेकांना या हत्या नित्याच्या आणि आवश्यकही वाटू लागल्या आहेत, याचे दुःख बिशपांनी व्यक्त केले होते. दर रविवारी मिस्साला येणारी माणसेच त्या ८५ जणांत होती, हे त्यांना ठाऊक होते.

त्याच वर्षी ऑगस्टपासून लिंगायेन-दागुपान धर्मप्रांतात रोज रात्री आठ वाजता पाच मिनिटे मृतांसाठी घंटानाद होऊ लागला. सप्टेंबरअखेर चाळीस दिवस तो देशभर झाला. कालोओकानचे बिशप पाब्लो व्हर्जिलिओ डेव्हिड यांनी आपल्या धर्मप्रांतातील मृतांची नोंद ठेवली आणि व्यसनाधीनांसाठी वस्तीतच पुनर्वसनाचे कार्य सुरू केले. २०१९ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप झाला, तो पुढे टिकला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना कार्डिनलपद देण्यात आले.

फाशीचा कायदा, तेथे आणि येथे

हत्या चालू असतानाच मृत्युदंड परत आणण्याचाही प्रयत्न झाला. फिलिपाइन्सच्या १९८७ च्या घटनेने मृत्युदंड रद्द केला होता, परंतु संसदेला तो पुन्हा आणता येईल अशी वाट मोकळी ठेवली होती. १९९३ च्या कायद्याने तो आला आणि १९९९-२००० मध्ये सात जणांना देहान्त शासन झाले. त्यांतील एकही अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी नव्हते. जून २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया आरोयो यांनी मृत्युदंड रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. ७ मार्च २०१७ रोजी लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी मृत्युदंड आणणारे विधेयक २१७ विरुद्ध ५४ मतांनी संमत केले. सिनेटने मात्र त्याला संमती दिली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात सुधारणा झाली आणि मृत्युदंड अस्वीकार्य आहे, असे ख्रिस्तसभेने स्पष्टपणे शिकवले.

हे सारे वाचताना आम्ही भारतीयांनी स्वतःकडेही पाहावे. आमच्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात १९८९ मध्ये दुरुस्ती झाली. ठरावीक प्रमाणाहून अधिक मालाचा गुन्हा दुसऱ्यांदा करणाऱ्यास मृत्युदंड अनिवार्य झाला. गुन्हेगार कोण, त्याने हे का केले, त्याचा वाटा केवढा, हे पाहण्याचा अधिकारच न्यायाधीशाला उरला नाही. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेशी विसंगत ठरवली आणि 'द्यावाच' या अर्थाच्या शब्दाचे वाचन 'देता येईल' असे केले. २०१४ मध्ये संसदेने कायद्यातच तसा बदल केला. मृत्युदंडाचे कलम राहिले, परंतु समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला परत मिळाला. आमच्या मते शिक्षेच्या साऱ्या विचाराचा गाभा या एका अधिकारात आहे. इंडोनेशियातील त्या स्त्रीसाठी फिलिपिनी लोकांनी हेच मागितले होते आणि आपल्याच गल्लीतील सायकलरिक्षावाल्याला हेच नाकारले.

कबरींची मुदत

मनिलात गरिबांना कायमची कबर परवडत नाही. भिंतीत एकावर एक रचलेले कप्पे भाड्याने मिळतात आणि भाड्याची मुदत साधारणतः पाच वर्षांची असते. २०२१ पासून मोहिमेतील मृतांच्या मुदती संपू लागल्या. फादर फ्लाव्हियानो व्हिलानुएवा या दिव्यशब्द संघाच्या धर्मगुरूंनी विधवांना आणि मातांना साथ देऊन ते अवशेष काढवून घेतले. तरुणपणी ते स्वतः अमली पदार्थांच्या आहारी गेले होते, ही गोष्ट ते लपवत नाहीत. न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. राकेल फोर्तुन यांनी अस्थी तपासल्या, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियासारखा आजार लिहिलेल्या काही माणसांच्या हाडांत बंदुकीच्या गोळीच्या खुणा आढळल्या. २०२४ मध्ये कालोओकान येथील ला लोमा कॅथलिक दफनभूमीत या अस्थींसाठी स्मारक उभे राहिले. २०२५ मध्ये फादर व्हिलानुएवा यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

११ मार्च २०२५ रोजी दुतेर्ते यांना मनिलाच्या विमानतळावर अटक झाली आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या आज्ञापत्रानुसार हेगला नेण्यात आले. ज्या शहरात १९१२ मध्ये अफूचा करार झाला होता, तेच हे शहर. कायद्याने या मोहिमेचा जाब विचारायला सुरुवात केली होती. परंतु दोनच महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, दावाओच्या मतदारांनी हेगच्या कोठडीत असलेल्या दुतेर्ते यांना प्रचंड बहुमताने पुन्हा महापौर म्हणून निवडून दिले.

त्या मतदारांतही मोठ्या संख्येने कॅथलिक आहेत. त्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आमच्या धर्मग्रामांतही व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आहेत. तेथील आईबापांचा राग आम्ही जाणतो. 'अशांना जगू देऊ नये' हे वाक्य चर्चच्या आवारात, मिस्सा संपल्यावर, आम्ही सर्वांनी ऐकले आहे. ते पुन्हा कानावर येईल तेव्हा एवढेच विचारावे : अशांना म्हणजे कोणाला? त्याचे नाव काय, तो कोणाचा मुलगा, आणि त्याच्या दारावर आपल्यापैकी कोणी कधी थाप मारली होती काय?